दगडांमधली रेघ : वसईच्या भिंती आणि दरजांचा इतिहास

१/ वसईच्या किल्ल्यात आलेला माणूस कमानी पाहतो, चर्चचे उंच मनोरे पाहतो, छायाचित्रे घेतो. दोन दगडांमधल्या बोटभर रेघेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या रेघेला दरज म्हणतात आणि तिचे तोंड नीटनेटके भरून घेण्याला दरजा भरणे. आजच्या बांधकामावर याच कामाला पॉइंटिंग म्हणतात. हा धागा त्या रेघेविषयी आहे. कारण भिंत किती काळ टिकणार, हे पुष्कळदा तीच ठरवते.

२/ वसई-विरार परिसरात बांधीव भिंतींचा इतिहास पोर्तुगिजांहून कितीतरी जुना आहे. नालासोपाऱ्याच्या ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले, तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप सापडला. बांधकाम विटांचे असो वा दगडांचे, बांधणाऱ्यापुढचा पेच एकच असतो : सुटे तुकडे एकत्र धरायचे कशाने आणि कोकणातल्या पावसापासून तो सांधा राखायचा कसा?

३/ १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या दोन शतकांत खाडीच्या मुखाशी तटबंदीचे संपूर्ण शहर उभे राहिले. भिंतींना काळा बेसॉल्ट, सांध्यांना चुना. १७३९ मध्ये हा तट फोडण्यासाठी चिमाजी अप्पांच्या सैन्याला सुरुंग उडवावे लागले. शत्रूच्या माऱ्याला तोंड देणाऱ्या या भिंतींचा पुढचा प्रतिस्पर्धी मात्र पाऊस होता.

४/ चुनखडी, किंवा समुद्रकाठी शिंपले, भट्टीत भाजले की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा आणि वाळूसह घाणीत मळायचा. अनेक गडांवर दगडी गोल चर दिसते, ती हीच चुन्याची घाणी. बैल जुंपून तिच्यातून दगडी चाक फिरवीत. मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर अशा वस्तूही घालीत. भिंतीत गेल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि सावकाश पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो.

५/ तरीही तो विटेहून वा दगडाहून मऊच राहतो, आणि हाच त्याचा गुण. भिंत पावसाळ्यात भिजते, नंतर वाळते. वाळताना आतले पाणी आणि क्षार सच्छिद्र दरजेतून बाहेर पडतात. झीज होते ती दरजेची. वीट शाबूत राहते. झिजलेला चुना खरवडून नवा भरला की भिंत पुढच्या काळासाठी सज्ज. दरज ही भिंतीने झिजण्यासाठीच राखून ठेवलेली जागा आहे.

६/ मग हीच दरज नटू केव्हा लागली? त्यासाठी क्षणभर इंग्लंडला जावे लागते. तेथे घासून अचूक केलेल्या विटांचे, अत्यंत बारीक सांध्यांचे काम प्रतिष्ठेचे होते, पण महाग होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर एक युक्ती निघाली. साध्या विटांमधल्या दरजा विटेच्याच रंगाच्या चुन्याने सपाट भरायच्या, म्हणजे वाकड्या कडा दिसेनाशा होतात. मग मधोमध पांढऱ्या चुन्याची बारीक, सरळ, किंचित उठावाची रेघ ओढायची. हेच टक पॉइंटिंग.

७/ हा देखावा होता, पण निरुपद्रवी. कारण रेघ चुन्याचीच होती. पुढे ही पद्धत ब्रिटिश वसाहतींत पोहोचली आणि भारतातल्या बांधकामाच्या पाठ्यपुस्तकांतही तिला जागा मिळाली. उठावाची रेघ आजही आपल्या डोळ्यांना सवयीची आहे : काळ्या दगडाचे जोते, कुंपणाची भिंत, आणि त्यावर सिमेंटचे फुगीर पट्टे.

८/ रेघ तीच, पण पदार्थ बदलला. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. विसाव्या शतकात सिमेंटने चुन्याला मागे सारले. सिमेंट लवकर घट्ट होते, कठीण असते आणि पाण्याला सहजी वाट देत नाही. नव्या इमारतीत हे गुण ठरतात. जुन्या भिंतीत तेच दोष होतात.

९/ दरजेचे तोंड सिमेंटने बंद केले की भिंतीतल्या ओलाव्याला वीट किंवा सच्छिद्र दगड हाच मार्ग उरतो. पाणी उडून जाते. क्षार तेथेच स्फटिक बनून साचतात आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. काही वर्षांनी दिसते ते उलटेच चित्र : सिमेंटची रेघ ताठ उभी आणि तिच्या मधली वीट पोकळ झालेली.

१०/ वसईत आणखी एक गैरसमज होतो. उघड्या दगडांचे सौंदर्य हाच मूळ बेत होता, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात चर्चच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. त्याचे अवशेष अजून दिसतात. आज दिसणाऱ्या कित्येक दरजा दाखवण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. गिलावा गळून पडल्यामुळे त्या उघड्या पडल्या आहेत.

११/ या गैरसमजाची किंमत गोव्यात दिसते. जुन्या गोव्यातील बॉम जेझसच्या दर्शनी भागात वसईहून नेलेला बेसॉल्ट आहे; बाकीची इमारत जांभ्या दगडाची. १९५० च्या दशकात तिचा गिलावा काढण्यात आला. तेव्हापासून सच्छिद्र जांभा थेट पाऊस झेलतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा का, हा वाद अजून चालू आहे. लोकांना आता ती लाल, उघडी भिंतच ‘मूळ’ वाटते.

१२/ हात न लावणे हाही उपाय नव्हे. रिकाम्या दरजेत पिंपळ रुजतो आणि त्याचे मूळ तटालाही फोडते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने दुरुस्तीला मर्यादा आखून दिली : नवा भाग जुन्याशी सुसंगत हवा, पण जुना म्हणून खपू नये. दरजेपुरता याचा अर्थ साधा आहे. चुन्याला चुना, भिंतीहून मऊ. आणि जेथे मूळ रेघ नव्हती तेथे शोभेची रेघ नाही.

१३/ वसईच्या तटाशी उभे राहणाऱ्याने एकदा जवळून पाहावे. मळकट पांढरा, खडबडीत, मध्ये चुन्याचे बारीक गोळे असलेला सांधा बहुधा जुना. करडा, गुळगुळीत, धारदार कडांचा सांधा बहुधा सिमेंटचा. नख लावू नये, डोळे पुरेत. तट बांधणाऱ्या गवंड्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांच्या हाताची खूण जुन्या चुन्याच्या त्या बोटभर रेघेत आहे, आणि चुकीची दुरुस्ती सर्वांत आधी तीच पुसते.