पेटीत नसलेली पट्टी

भनपुरी म्हणजे रायपूरची कारखान्यांची वस्ती. बिलासपूर रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असते, म्हणून आमचं घरातलं रेकॉर्डिंग रात्री उशिरा. गायिका इथली, तबलजी नागपूरचे. ते ठेका मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतात. फाईल आली की मी आवाज ऐकण्याआधी तिचा सॅम्पल रेट बघतो.

सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, हा तो आकडा. सीडीचा 44,100, व्हिडिओचा 48,000. पहिला आडनिडा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला 60 फील्ड, प्रत्येकात कामाच्या 245 रेषा, रेषेवर 3 नमुने. युरोपी पद्धतीत 50, 294 आणि 3. दोन्ही गुणाकार 44,100. तोच आकडा 1982 साली सीडीसोबत घरोघरी गेला. 48,000 मात्र चित्रपटाला सोयीचा: 24 फ्रेम धरल्या तर फ्रेममागे नेमके 2,000 नमुने.

44,100 ची फाईल 48,000 समजून वाजवली, तर तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत संपतं आणि काळी दोनचा षड्ज पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मधोमध जाऊन बसतो. पेटीवर तिथे पट्टीच नाही! अशा वेळी अनेकजण सॉफ्टवेअरमध्ये सूर खाली ओढू लागतात. त्याची गरज नसते. फाईल शाबूत असते, फक्त चुकीच्या वेगानं वाचली जाते. खरा आकडा सांगितला की सूर जागेवर येतो.

आमचं गाणं शेवटी व्हिडिओवरच जातं, म्हणून प्रोजेक्ट 48,000 चा. वेगळ्या रेटची फाईल सुरुवातीलाच एकदा बदलून घेतो. चांगलं सॉफ्टवेअर हे काम इतकं सफाईनं करतं की कानाला फरक कळत नाही.

खरी परीक्षा आकडे जुळल्यावर होते. बैठकीत गळा इंटरफेसवर आणि तबला मोबाईलवर घेतला, दोन्हीकडे 48,000 लिहिलेलं असलं, तरी दोघांची घड्याळं वेगळी. दहा लाखांत 50 नमुन्यांचा फरक धरा. अर्ध्या तासाच्या ख्यालात तबला सेकंदाच्या अकराव्या हिश्श्यानं सरकतो. विलंबितात तो खपून जातो, द्रुतात सम सुटते. म्हणून मी दोन टाळ्या मागतो, एक सुरुवातीला, एक शेवटी. दोन्ही ट्रॅकवर त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि तेवढाच तबला ताणायचा किंवा आवळायचा. पहिली टाळी सगळे आठवणीनं देतात. दुसरी, दाद द्यायच्या भरात, मागून घ्यावी लागते.