सुरत–धुळे रस्त्यावर : लेखांक पहिला

पहिला दिवस, सुरत

सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही सालं आठवतात. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या त्या स्वाऱ्यांच्या वाटा डोंगरांतल्या होत्या. मी धरलेली वाट व्यापाऱ्यांची. बंदरात उतरलेला माल याच वाटेने तापीखोऱ्यातून बऱ्हाणपूरला आणि पुढे आग्र्याला जायचा. आज सुरत–धुळे हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग ५३ मध्ये येतो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता.

उधन्यात चहाच्या टपरीवर एकाने अहिराणीत विचारलं, "भाऊ, कथा चालनात?" कुठे निघालात? मूळचा साक्रीचा, इथे लूमवर पाळी करणारा. "धुळ्याला, एसटीने, तुमच्या साक्रीवरूनच," मी म्हणालो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला तो हा सगळा रस्ता गाडीत उभ्याने कापतो. उधना-लिंबायतमधल्या हजारो खानदेशी घरांचा हा गावाचा रस्ता आहे. त्याचा इतिहास बंदरापाशी संपवू नये असं मला तिथेच वाटलं.

दुसरा दिवस, बारडोली

दोन्ही बाजूंना ऊस. स्वराज आश्रमात बराच वेळ बसलो. सरकारने शेतसारा बावीस टक्क्यांनी वाढवला, तेव्हा १९२८ साली इथल्या शेतकऱ्यांनी जप्त्या सोसल्या पण तो भरला नाही. वल्लभभाई 'सरदार' झाले ते या लढ्यात. बाहेर पात्रा खाल्ला. आपल्या अळूवडीचाच भाऊ. व्यारा मुक्कामाला.

तिसरा दिवस, सोनगड–नवापूर

सोनगडच्या टेकडीवरचा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. बडोदं हाती येण्याआधी गायकवाडांचं ठाणं इथे होतं. पुण्याजवळच्या दावडीहून आलेल्या घराण्यातल्या पिलाजीरावांनी ही जागा का निवडली, ते वर चढल्यावर उमगतं: खानदेशातून गुजरातेत उतरणारी वाट पायथ्याशीच आहे. जवळच उकाईचं धरण. त्याच्या पाण्याखाली तापीकाठची कितीतरी गावं गेली. महामार्गाच्या कुठल्याही पाटीवर त्यांची नावं नाहीत. ती असायला हवीत.

दुपारी नवापूर. सतराव्या शतकात इथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए इथल्या तांदळावर खूश झाला होता: दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा, वास कस्तुरीचा. खानावळीत भाताचं ताट आलं तेव्हा मी आधी वासच घेतला. भात साधा होता, पण गरम होता.

संध्याकाळी रेल्वे स्टेशनवर गेलो. १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली आणि सीमा या फलाटावरूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांचं कार्यालय गुजरातेत. गाड्यांच्या घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात.

उद्या विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. या वाटेवरच्या बैलगाड्यांच्या, मुक्कामांच्या, सुरतेला पहिल्यांदा कामाला निघालेल्या माणसांच्या आठवणी तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतील, तर त्या लिहून घ्या आणि मला कळवा. पुढच्या लेखांकात त्यांना जागा ठेवली आहे.