संत्र्याखालचा लाव्हा

आंबिया बहाराच्या दिवसांत नागपुरातल्या कळमन्याचा फळबाजार पहाटेच जागा होतो. काटोल, नरखेड, वरुडकडचे टेम्पो रिकामे होत असतात, संत्र्यांचे ढीग चढत असतात, अडत्यांची बोली आणि हमालांच्या हाका एकमेकींत मिसळलेल्या. मी एखादं संत्रं उचलतो. खालच्या फांदीचं असलं तर सालीवर पावसानं उडालेला काळ्या मातीचा शिंतोडा सुकलेला असतो. नखानं खरवडला की भुगा होतो. हा भुगा म्हणजे झिजलेला लाव्हा.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूपट्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आज रियुनियन बेट आहे, तिथल्या तप्त प्रवाहावरून तो सरकत होता. डोंगराचं टोक उडालं असं झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला, थरावर थर. मधल्या शांततेत तळी साचली, जीव रुजले. नागपुरातल्या टाकळीला हिस्लॉप आणि हंटर या पाद्र्यांना त्या तळ्यांतल्या गोगलगायींचे शंख दगड झालेले सापडले, १८५०च्या दशकात. दोन आगींच्या मधे गोगलगाय निवांत चालली होती, हे मला फार मोठं वाटतं.

लाव्हाचा पसारा नागपूरपाशीच सरतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची. कळमन्याहून कामठीकडे निघालं की दगडाचं कुळच बदलतं. तिथे वालुकाश्म, खाली कोळसा. सिलेवाड्याच्या दगडात ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पानं उमटलेली आहेत, लांबट, मधली शीर ठसठशीत. तीच पानं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकावरही. गोंडवन हे महाखंड एकसंध होतं त्याची ही साक्ष.

तुटलेला आपला तुकडा आशियाला भिडला, हिमालय उठला, तरी रेटा थांबलेला नाही. वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर. बख्त बुलंद शाहनं नागपूर वसवल्याला तीनशेवर वर्षं झाली. तेवढ्यात हे शहर पंधरा-सोळा मीटर सरकलं.

त्या रेट्याचा ताण भूपट्टाच्या पोटातही साठतो आणि जुन्या भेगा हलतात. २२ मे १९९७ला जबलपूर हादरलं. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या, हजारो माणसं गेली. भिंतींचा दगड तोच, काळा, लाव्हाचा. ज्यानं कापूस दिला, संत्री दिली, त्यानंच असं करावं, हे आजही पचत नाही. पण दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता.

भूकंपाच्या नकाशात किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ला तो पट्टाच काढून टाकला. त्या नकाशात नागपूर दुसऱ्यात, म्हणजे उरलेल्यांतल्या सर्वांत सौम्य पट्ट्यात आहे, आणि तेवढ्यावर निर्धास्त राहणं मला पटत नाही. म्हणून कळमन्यात नवं गोदाम उभं राहताना दिसलं की मी पिलरच्या सळ्यांपाशी जातो. सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोकं आत, गाभ्याकडे वळवलेली हवीत. हादऱ्यात ती उघडली तर पिलर फुटतो. सळई बांधणाऱ्याला विचारतो. बहुतेकांना हे ठाऊक असतं. नसलं तर थांबून सांगतो.