एक तारीख माझीही

'तारीख' हा शब्द आपल्या वर्गात ऐकू येतो तो परीक्षेच्या वेळापत्रकापुरता. माझ्या मावशीच्या घरी मात्र हा शब्द निघाला, की अजूनही सगळे गप्प होतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बारावीत होतो. दिवाळी झाली आणि मावशी मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. तिचा मुलगा दहावीत, म्हणून तो आजीजवळ गावी राहिला. पंधरवड्यातच निरोप आला, की कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली आणि दोन मुलांबरोबर आमच्या याला पोलिसांनी धरले. मोटर उचलायला हात लावल्याचे त्याने कबूल केले. २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे केले. तेथून त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. आमच्याकडे त्याला अजून 'रिमांड होम'च म्हणतात.

मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार नव्हता. दुसऱ्या तारखेला दंडाधिकारी रजेवर होते. तिसऱ्या तारखेसाठी वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला हवा होता. घरात कागद समजणारा मी एकटा. म्हणून ते काम माझ्याकडे आले. पण त्या आठवड्यात माझी सराव परीक्षा होती. 'पेपर संपले की जाऊ,' असे म्हणून मी गेलो नाही. दाखल्यावाचून तारीख गेली आणि पुढची मिळाली ती २१ दिवसांनी.

त्या तारखेला, म्हणजे ६८ व्या दिवशी, जामीन मंजूर झाला. आम्हाला वाटले, सुटला! पण जामीनदार पाहिजे होता. माझ्या वडिलांच्या नावावर सातबारा नाही. ज्यांच्या नावावर होता, त्यांनी चोरीच्या भानगडीत पडायचे नाकारले. उचल फिटल्याशिवाय मुकादम मावशीला सोडीना. जामीन मिळूनही पोरगा ४४ दिवस आतच राहिला. ११२ व्या दिवशी निकाल झाला तो असा : समज देऊन घरी पाठवावे. तोवर दहावीचे निम्मे पेपर होऊन गेले होते.

यंदा आमच्या सरांनी ग्रंथालयातून बाल न्याय अधिनियम, २०१५ वाचायला दिला. वाचता वाचता मी सुन्न झालो. घरच्या परिस्थितीचा अहवाल १५ दिवसांत यावा, असे त्यात लिहिले आहे. जामीन जामीनदाराशिवायही देता येतो. परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुलाला सोडता येते. जामिनाच्या अटी ७ दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून त्या अटी बदलाव्यात, असेही आहे. मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. यातले एकही वाक्य त्या वेळी आम्हाला कुणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

चौकशीला कायद्याने ४ महिन्यांची मुदत दिली आहे. फार तर ती २ महिने वाढते. त्यानंतरही किरकोळ गुन्ह्याची चौकशी अपुरी राहिली, तर प्रकरण संपते. पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच मुलांच्या खटल्यांना कालमर्यादा आखून दिली होती. या हिशेबाने आमच्या पोराचे प्रकरण मुदतीतच निकालात निघाले. कागदावर उशीर झालाच नाही! पण मित्रहो, ४ महिने ही चौकशीची मुदत आहे, कोंडून ठेवण्याची नव्हे. चौकशी चालू असतानाही मूल घरी राहू शकते, शाळेत जाऊ शकते. मोठ्या माणसाचे चार महिने जातात आणि भरूनही निघतात. दहावीतल्या मुलाचे चार महिने म्हणजे त्याचे वर्ष.

म्हणून मला वाटते, नवा कायदा मागण्याआधी असलेल्या कायद्यातले दिवस कुणीतरी मोजायला हवेत. दाखला शाळेतून कार्यालयानेच मागवावा. गरिबाच्या पोराला जामीनदाराच्या अटीत अडकवू नये. सातव्या दिवशी त्याचे नाव मंडळापुढे पुन्हा निघावे. एवढे झाले असते, तरी आमचा पोरगा परीक्षेला बसला असता.

तसेच हेही लिहिले पाहिजे, की त्या ११२ दिवसांतले २१ दिवस माझे आहेत. अहवाल लिहिणाऱ्यालाही काम असेल, दंडाधिकाऱ्यांनाही घर असेल, मला तर परीक्षाच होती. प्रत्येकाचे कारण खरे होते. त्या सगळ्या खऱ्या कारणांचा भार एका पोरावर पडला.

सुटून आला त्या रात्री जेवताना त्याने मला विचारले, ''दादा, आता पुढची तारीख कधी?'' मी म्हणालो, ''आता तारीख नाही.'' त्याचा विश्वास बसला नाही. पुढच्या दिवाळीनंतर तो आईबरोबर फडात गेला.

यंदा मी त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागत होता. तो आणायला मी पहिल्याच दिवशी गेलो.