पेटीवरचा 'गॅप'

हँडसेटच्या पेटीवर 'गॅप' असं छापलेलं होतं, आणि तेवढ्यावर मी विसंबलो. तेव्हा मी जर्मनीत, हेसेन राज्यातल्या एका लहान कंपनीत टेलिफोन यंत्रणा बसवायचं काम करत होतो. एका वृद्धाश्रमाला नर्सेससाठी नवे कॉर्डलेस हँडसेट हवे होते. एक्स्चेंज आणि हँडसेटशी रेडिओवरून जोडणारे भिंतींवरचे डेक्ट बेस जुनेच, पण ठणठणीत. त्यांच्याच कंपनीचे हँडसेट बरेच महाग होते, म्हणून मी दुसऱ्या कंपनीचे स्वस्त हँडसेट सुचवले. व्यवस्थापक बाईंनी विचारलं, "आमच्या यंत्रणेवर चालतील ना?" मी म्हणालो, "मानक एकच आहे. चालणारच."

हा विश्वास अगदीच निराधार नव्हता. ब्रिटनमध्ये १९८९ साली सीटी-२ जातीच्या खिशातल्या फोनची सेवा सुरू झाली, तेव्हा एका कंपनीचा फोन दुसरीच्या जाळ्यावर चालत नसे. समान मानक लागू होईपर्यंत लोकांचा उत्साह ओसरला होता. डेक्टच्या बाबतीत युरोपने ही काळजी आधीपासून घेतली. फ्रान्समधल्या एट्सी या मानक संस्थेने १९९२ साली डेक्ट हे कॉर्डलेस फोनचं मानक प्रसिद्ध केलं. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा, त्यात दहा वाहक लहरी, प्रत्येकीवर वेळेचे तुकडे पाडून बारा दुतर्फा संभाषणं. त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या गॅप या पूरक मानकामुळे कोणाचाही हँडसेट कोणाच्याही बेसवर नोंदवता येऊ लागला, फोन करता आणि घेता येऊ लागला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे इंजिनिअर एका टेबलाशी बसून इतक्या बारकाव्यांवर एकमत करतात, हे मला आजही विशेष वाटतं.

हँडसेट आले. बेस नोंदणीच्या स्थितीत ठेवला, चार अंकी पिन दाबला, टोन आला. प्रत्येक हँडसेटवरून एक फोन केला, एक घेतला आणि सही घेऊन निघालो. माझी चाचणी एवढीच होती.

त्या यंत्रणेचं खरं काम मात्र निराळंच होतं. खोलीतल्या आजी-आजोबांनी पलंगाजवळचं बटण दाबलं किंवा न्हाणीघरातली दोरी ओढली की नर्सच्या हँडसेटवर खोलीचा क्रमांक अक्षरांत उमटायचा, आणि दोरी ओढलेली असेल तर घंटाही वेगळी वाजायची. हा मजकूर पाठवायची पद्धत जुन्या कंपनीची स्वतःची होती, गॅपमध्ये ती नाहीच. माझे हँडसेट नुसते वाजायचे, सगळ्या हाकांना एकसारखे. कोणत्या खोलीतून हाक आली ते पाहायला रात्रपाळीच्या सिस्टरना मजला ओलांडून पॅनेलपाशी जावं लागायचं आणि मग तिथून खोलीकडे.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात फोन करून हे सांगितलं होतं. मी म्हणालो की नव्या हँडसेटची सवय व्हायला वेळ लागतो. त्यांचं वाक्य मी तक्रार म्हणून ऐकलं, माहिती म्हणून ऐकलंच नाही. पुढे एका रात्री एक आजी न्हाणीघरात पडल्या. दोन खोल्यांतून एकाच वेळी हाक आली होती आणि सिस्टर आधी दुसऱ्या खोलीत गेल्या. आजींना मोठी इजा झाली नाही. पण त्या गार फरशीवर पडून राहिल्या, आणि तो वेळ माझ्यामुळे वाढला होता.

त्यानंतर मी गॅपचा मूळ दस्तऐवज उघडला. एट्सीची मानकं कोणालाही फुकट मिळतात. न वाचायला मला काहीही सबब नव्हती. त्यात सुविधांचे तक्ते आहेत. हँडसेटसाठी एक रकाना, बेससाठी दुसरा. 'एम' म्हणजे सक्तीची सुविधा, 'ओ' म्हणजे ऐच्छिक. हँडसेटला सक्तीची असलेली गोष्ट बेसला ऐच्छिक असू शकते. आपण काय काय पाळलं आहे याची यादी बनवणाऱ्याकडून मागवता येते. ती मी मागवली नव्हती. गॅप जे वचन देतं ते काटेकोर पाळतं. न दिलेली वचनं मी त्याच्या नावावर खपवली होती.

दुसरी चूक याच कामातली, आणि ती मला जास्त बोचते. इमारतीच्या टोकाच्या भागात आवाज तुटायचा, म्हणून मी तिथे रिपीटर बसवला होता. त्या काळातल्या बऱ्याच रिपीटरना एन्क्रिप्शन झेपत नसे, यालाही नाही. आवाज नीट यावा म्हणून मी बेसवरचं एन्क्रिप्शन बंद केलं. डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात काही संशोधकांनी लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या एका स्वस्त कार्डावर डेक्टची संभाषणं पकडता येतात हे दाखवून दिलं होतं. ती बातमी मी वाचलेली होती. वृद्धाश्रमात फोनवर काय बोललं जातं हेही मला ठाऊक होतं: कोणाला कुठलं औषध, कोणाचा मुलगा भेटायला येत नाही, कोणाचे किती दिवस उरले.

हँडसेट परत घेऊन जुन्या कंपनीचे बसवले, फरकाचे पैसे आमच्या कंपनीने सोसले. खोलीच्या क्रमांकाबद्दल मी व्यवस्थापक बाईंना सगळं सांगितलं, माफी मागितली. एन्क्रिप्शनबद्दल बोललो नाही. रिपीटर काढून त्या जागी बेस लावला, एन्क्रिप्शन गुपचूप पुन्हा सुरू केलं, आणि आता सांगून त्यांना कशाला घोर लावायचा, अशी स्वतःची समजूत घातली. ते ठरवायचा हक्क माझा नव्हता. ज्यांची संभाषणं उघडी पडली होती त्यांचा होता. बऱ्याच उशिरा, ती नोकरी सोडण्याआधी, मी व्यवस्थापक बाईंना पत्राने कळवलं: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, इमारतीचा कोणता भाग, आणि हे मी जाणूनबुजून केलं होतं.