भर दुपारी पडलेला किल्ला

“पैसेच दिले ना हो तुमच्या राजांनी? लढले कुठे?”

हे वाक्य मला तंजावूरच्या राजवाड्यात, दुसऱ्या सरफोजींच्या संगमरवरी पुतळ्यासमोर ऐकवण्यात आलं. पुतळा फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. राजे हात जोडून उभे आहेत. बोलणारे पुण्याचे एक डॉक्टर. कुणाच्या तरी मेहुण्याच्या ओळखीने आले होते. मराठी पाहुणे असेच येतात, आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना गाव दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं आहे. डॉक्टर जोडलेल्या हातांकडे बोट दाखवून हसले. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला आदल्या उन्हाळ्यातला फोटो दाखवला. अल्बेनियाची राजधानी तिराना, भल्यामोठ्या चौकात घोड्यावर बसलेला एक दाढीवाला वीर. “स्कांदरबेग. पंचवीस वर्षं तुर्की सुलतानाला झुंजवलं. याला म्हणतात लढवय्या. आमचे महाराज तसे. आणि ही तुमची शाखा, काकू... वीणा, भरतनाट्यम, ग्रंथालय. छानच आहे, पण...”

तो ‘पण’ तिथेच लोंबकळत राहिला आणि मी त्यांना सरस्वती महाल ग्रंथालयात घेऊन गेले. पाहुण्याशी वाद घालू नये, असं आमच्या अम्माने शिकवलं होतं. आता वाटतं, अम्माचं दरवेळी ऐकायलाच हवं होतं असं नाही.

आमची शाखा कोणती ते बहुतेकांना ठाऊक असतं. शहाजीराजांचे पुत्र, शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. 1676च्या सुमाराला त्यांनी तंजावूर घेतलं आणि 1855 पर्यंत त्यांच्या वंशाची गादी इथे होती. मधे जिंजीला राजाराममहाराज मोगलांच्या वेढ्यात अडकले तेव्हा इथल्या शहाजींनी त्यांना पैसा आणि रसद पुरवली, हे महाराष्ट्रात फारसं कुणी सांगत नाही. पण माझा विषय तो नाही. माझा विषय 1739 साली गादीवर बसलेला प्रतापसिंह. डॉक्टर म्हणाले ते त्याच्याबाबत शब्दशः खरं आहे. पैसे दिले. निदान देतो म्हणाला.

1749च्या अखेरीला अर्काटच्या नवाबीवर हक्क सांगणारा चंदासाहेब आणि हैदराबादच्या गादीवर हक्क सांगणारा मुझफ्फरजंग फ्रेंच पलटण घेऊन तंजावूरच्या तटाखाली आले. त्यांना त्रिचनापल्लीला जायचं होतं, पण फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता आणि कावेरीच्या मुखाशी भातावर गब्बर झालेलं राज्य वाटेतच होतं. फ्रेंचांनी तटाबाहेरच्या काही जागा घेतल्या. प्रतापसिंहाने तहाला होकार दिला, लाखांचे आकडे कबूल केले. आणि मग सुरू झाली ती मोजणी. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने ती लिहून ठेवली आहे. एक दिवस राजाकडून सोन्याचांदीची भांडी आली. त्यांच्या किमतीवरून राजाची माणसं आणि चंदासाहेबाची माणसं तासन्‌तास भांडली. दुसऱ्या दिवशी जुनी, चलनातून गेलेली नाणी. ती पारखायला हवीत, नाही का? मग जडजवाहीर, ज्याची किंमत दोन जवाहिरे दोन सांगणार. पाँडिचेरीहून फ्रेंच गव्हर्नर डुप्लेक्स चिडून लिहितो आहे, निघा, त्रिचनापल्ली गाठा. हे इथे ताटवाट्या तोलत बसलेत. तेवढ्यात उत्तरेकडून मुझफ्फरजंगाचा प्रतिस्पर्धी नासीरजंग याचं अफाट सैन्य कर्नाटकात उतरत असल्याची बातमी आली आणि वेढा घाईघाईने उठला. रक्कम पुरी झालीच नव्हती.

मी आयुष्यभर गणित शिकवलं. कीळवासलच्या बाजारात वांग्यांच्या भावावरून अर्धा तास घालवून शेवटी वांगी न घेता परत येणारी माझी आत्या मला या प्रकरणात स्पष्ट दिसते. पण आत्याच्या मागे तोफा लागलेल्या नसत. या माणसाने तटावर तोफा रोखलेल्या असताना घासाघीस केली, आणि तिच्यात आपलं राज्य वाचवलं. त्याचा पुतळा चौकात का नको? ताटवाट्या तोलणारा राजा घोड्यावर बसवता येत नाही, हे मला कळतं. तरीही.

यानंतरचं एक सांगायला नको वाटतं, पण सांगते. 1752 साली त्रिचनापल्लीजवळ हरलेला तोच चंदासाहेब तंजावूरचा सेनापती मानाजी याच्या स्वाधीन झाला. जिवाचं अभय घेऊन झाला. आणि मानाजीच्या छावणीत त्याचं डोकं उडवण्यात आलं. यावर बचाव करायला माझ्याकडे काहीही नाही.

1758 मध्ये फ्रेंच परत आले. या वेळी त्यांचा सेनापती लाली. त्याच्या हातात 1749चा तो जुना रोखा होता, छप्पन्न लाखांचा. म्हणजे त्या तोलामापातून निसटलेली बाकी व्याजासकट नसली तरी आठवणीसकट परत आली. येताना त्याने कीळवेळूरच्या देवळाची लूट केली आणि हेर समजून ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी दिलं. प्रतापसिंहाने पुन्हा बोलणी लांबवली. लालीचा दारूगोळा संपत आला, कारैकालसमोर समुद्रात इंग्रजी आरमाराशी लढाई झाल्याची खबर आली, आणि ऑगस्टमध्ये त्याला निघावं लागलं. निघायच्या सुमाराला पन्नास घोडेस्वार किल्ल्यातून शांतपणे बाहेर पडले, आम्हाला तुमच्या चाकरीत यायचंय म्हणाले, आणि लालीसमोर नेल्यावर त्यांच्या म्होरक्याने तलवार चालवली. लाली हातातल्या काठीने वाचला. माघारी जाणाऱ्या फौजेचा तंजावूरकरांनी पाठलाग केला. डॉक्टरांना ही गोष्ट आवडली असती. यात घोडा आहे.

ते गेल्यावर मी स्कांदरबेगाबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. खरं सांगायचं तर त्याचे दोष शोधायलाच घेतलं. गेर्ग कास्त्रिओती हे त्याचं नाव. लहानपणी ओलीस म्हणून सुलतानाच्या दरबारात गेला, तुर्की फौजेत वाढला, 1443 मध्ये निशच्या लढाईच्या वेळी ती फौज सोडून घरी परतला. पुढच्या वर्षी लेझा गावी अल्बेनियातले सरदार एकत्र आणले. क्रुयाच्या डोंगरी किल्ल्यासमोर 1450 मध्ये दुसरा मुराद स्वतः वेढा घालून बसला आणि हात हलवत परतला. कॉन्स्टँटिनोपल जिंकलेला मेहमेदसुद्धा 1466 आणि 67 मध्ये तो घेऊ शकला नाही. दिपायला होतं, नाकारत नाही. पण 1451 मध्ये याच वीराने नेपल्सच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं होतं, कारण पैसा आणि माणसं हवी होती. व्हेनिसशी तो लढला आणि व्हेनिसशी त्याने तहही केला. खुद्द सुलतानाशी मधल्या काळात सलोखा केला. त्याचा सख्खा पुतण्या तुर्कांना जाऊन मिळाला. 1468 मध्ये तो तापाने गेला आणि दहा वर्षांनी क्रुया पडलं.

हे वाचून मला दोन दिवस फार बरं वाटलं. बघा, तुमचा लढवय्यासुद्धा पैशासाठी दारोदार फिरलाच की! मग तो आनंद ओसरला. त्याच्यामागे गेलेले कित्येक अल्बेनियन पळून दक्षिण इटलीत उतरले. त्यांचे वंशज तिथल्या डोंगरातल्या गावांत पाचशे वर्षांनंतरही आपली जुनी अल्बेनियन बोलतात. मूळ मुलखातले लोक त्यांची बोली ऐकून काय म्हणत असतील, याची मला चांगली कल्पना आहे. आमचं मराठी ऐकून पाहुणे जे म्हणतात तेच. त्या लोकांवर मला रागवता येईना.

राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. 17 सप्टेंबर 1773.

प्रतापसिंह 1763 मध्ये वारला. त्याच्या आदल्या वर्षी मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगॉट याने मध्यस्थी करून अर्काटचा नवाब महंमद अली आणि तंजावूर यांच्यात तह घडवला होता. मागची बाकी बावीस लाख हप्त्याने, पुढे दरसाल चार लाख खंडणी. कंपनीची हमी. आता हमी म्हणजे काय ते आपण समजून असतो. मद्रासच्या साहेबांनी मात्र नवाबाला सावकारी दराने कर्जं दिली होती, आणि नवाबाकडे ती फेडायला एकच उपाय होता. आमचं भात. 1771 मध्ये त्याने कंपनीची फौज घेऊन तंजावूर वेढलं, प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाजी याने पैसे आणि वल्लमचा किल्ला देऊन वेळ निभावली. दोन वर्षांनी पुन्हा. कारण काय, तर खंडणीची बाकी, आणि तुळजाजी पुण्याच्या मराठ्यांकडे नि हैदराकडे मदत मागतो. वेढल्या गेलेल्या माणसाने मदत मागणं हा गुन्हा. ज्यांनी हमी दिली तेच तोफा घेऊन दारात.

कंपनीच्या जनरल स्मिथने तटाला खिंडार पाडलं. पाण्याने भरलेल्या खंदकातून वाट केली. आतल्या लोकांना वाटलं, हल्ला होईल तर संध्याकाळी. सूर्य डोक्यावर आला, उन्हाने सगळे आडोशाला गेले, आणि ऐन दुपारी बाराच्या सुमाराला इंग्रज फौज धावत आत शिरली. फारसा प्रतिकार झालाच नाही.

दुपारी बारा! इथल्या सप्टेंबरची दुपार बाहेरच्यांना कळणार नाही. पाऊस अजून यायचा असतो, हवा हलत नाही, पेरिय कोविलच्या, म्हणजे मोठ्या देवळाच्या, दगडी अंगणात पाय ठेवता येत नाही. (येणाऱ्यांनी मोजे आणावेत, आणि साडेचारनंतर यावं. सगळ्यांना सांगते, सगळे अकरा वाजता येतात.) मी मुद्दाम त्या वेळेला पूर्वेकडच्या तटाजवळ, बीरंगी मेडूवर जाऊन उभी राहिले आहे. तिथे नायकांच्या काळातली अजस्र लोखंडी तोफ आहे. हात लावला तर पोळतो. खाली बकऱ्या सावलीत झोपलेल्या. कोण जागं राहील? मला त्या पहारेकऱ्यांवर चिडता येत नाही, आणि चिडल्याशिवाय राहवतही नाही. दोनदा वेळ काढून वाचलेलं गाव शेवटी वेळ न ओळखल्याने गेलं. ज्याच्या बापाने फ्रेंचांना ताटवाट्या मोजत बसवलं, त्याच्या माणसांना इंग्रज दुपारीसुद्धा येऊ शकतो हे का सुचू नये? मी हे घरी इतक्या वेळा बोलले आहे की नातवंडं आता जेवणानंतर “पाट्टी, स्मिथ आला” म्हणून मला उठवतात.

राजा कुटुंबासकट कैदेत गेला. नवाबाने मुलूख पिळला. लंडनच्या संचालकांना हे पटलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा पिगॉटलाच पाठवलं, आणि 11 एप्रिल 1776 रोजी त्याने तुळजाजीला गादीवर बसवलं. लगेच पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक नोकर उभा राहिला: तंजावूरच्या वसुलावर आणि पिकावर माझं दोन लाख तीस हजार पौंडांहून जास्त येणं आहे! कुठून आले इतके पौंड, कुणी विचारायचं? पिगॉटने विचारलं. ऑगस्टमध्ये त्याच्याच कौन्सिलने त्याला अटक केली, पुढच्या मे महिन्यात तो कैदेतच मेला. 1780 मध्ये लंडनच्या न्यायालयाने कौन्सिलच्या चौघांना शिक्षा दिली. प्रत्येकी हजार पौंड दंड. तीही गव्हर्नराच्या अटकेबद्दल. तंजावूरबद्दल कुणाला काहीच नाही.

मग 25 ऑक्टोबर 1799चा तह, ज्यात सरफोजींनी राज्यकारभार कंपनीला देऊन टाकला आणि बदल्यात दरसाल एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा घेतला. चार वर्षांनी त्यांनी पेरिय कोविलच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्यांचं सगळं जग कौतुक करतं. मीही करते, सरस्वती महालात उभी राहून, पाहुण्यांसमोर, मनापासून. पण एकदा धाकट्या भावाबरोबर मल्लिपट्टिनमजवळच्या समुद्रकाठी मनोरा बघायला गेले आणि मनापासूनचं ते तिथेच अडलं. सरफोजींनी 1814-15च्या सुमाराला तो बांधला, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या आनंदाप्रीत्यर्थ. ज्यांनी बापाचा किल्ला दुपारी घेतला त्यांच्या विजयासाठी.

भाऊ म्हणाला, “अक्का, तू उगाच. प्रतापसिंहाने ताटंवाट्या देऊन जीव वाचवला, यांनी मनोरा देऊन. ग्रंथालय राहिलं, वाडा राहिला, आपण इथे राहिलो. फरक काय?”

मी त्याला पायऱ्या चढू दिल्या आणि खालीच थांबले. उत्तर मला परतीच्या बसमध्ये पट्टुकोट्टै गेल्यावर सुचलं. प्रतापसिंहाने कबूल केलेलं कधी पुरतं दिलं नाही. सरफोजींनी मनोरा मात्र पूर्ण आठ मजले बांधून दिला.