टिळकांच्या घरातली शिकवण

उद्या तरुणांच्या वर्गात सुवार्ताप्रसारावर बोलायचंय. टिपणं काढायला बसले, पण मनात लक्ष्मीबाई टिळकच येत राहिल्या. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती होऊन बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे परतल्या, त्या आपलं सोवळं सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. त्या त्यांचं वागणं रोज पाहत होत्या, स्वतःशी वाद घालत होत्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या निर्णयानं. इतकी वाट पाहू शकणारा गुरू मला टिळकांच्या कवितेहूनही मोठा वाटतो. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय स्थापला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मुलांना उद्या आधी हेच सांगणार आहे.